प्रेअरीवरची बिऱ्हाडं: 'सगळं स्वतःचं स्वतः' हे कितपत खरं?

प्रश्न असा आहे की अमेरिकेच्या गवताळ मैदानी भागात (यालाच प्रेअरी म्हणतात), म्हणजे नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटा या पट्ट्यात, १८७०-८० च्या सुमारास जी कुटुंबं जाऊन राहिली त्यांचा रोजचा दिवस कसा जायचा, झाडंच नाहीत तर चूल कशावर पेटायची, पाणी कुठून यायचं, आणि सिनेमात दाखवतात तसं ते लोक खरंच सगळं स्वतःचं स्वतः करायचे का. मी नेब्रास्कात राहते, इथल्या एका जुन्या शेतघराच्या म्युझियममध्ये त्या काळचं स्वयंपाकघर चालवून दाखवायचं काम बरीच वर्षं करतेय, तेव्हा उत्तर जरा चुलीच्या बाजूने झुकणार, चालवून घ्या.

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, सगळं स्वतः करत नव्हते. करूच शकत नव्हते. गावाकडचं जुनं घर शंभर वर्षं एका जागी असतं, माळ्यावर भांडी असतात, मागे आंबा-फणस-चिंच असते, भाऊबंद असतात. इथे माणूस एक बैलगाडी घेऊन नुसत्या गवतात उतरायचा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो वाण्याच्या उधारीवर, रेल्वेवर आणि शेजाऱ्यावर टेकलेला असायचा, आणि ती उधारी फेडायचं काम बहुतेक वेळा बायकोचं लोणी आणि अंडी करायचे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे बाकीच्या गोष्टी जागेवर बसतील.

जमीन फुकट म्हणतात ती १८६२ च्या होमस्टेड कायद्याने. लिंकनने २० मे १८६२ ला सही केली, १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. १६० एकर, म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैलाचा चौकोन, फी सगळी मिळून १८ डॉलरच्या आसपास, आणि अट अशी की तिथे घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं राहायचं, मग दोन साक्षीदार नेऊन शपथेवर सांगायचं की हा माणूस खरंच राहिलाय. २१ वर्षं पूर्ण झालेला किंवा कुटुंबप्रमुख असलेला कोणीही अर्ज करू शकायचा, नागरिक असो नाहीतर नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला परदेशी असो. अविवाहित बाई आणि विधवा पण अर्ज करू शकायच्या, लग्न झालेलीला मात्र सहसा स्वतःच्या नावावर मिळत नसे. जमीन फुकट असली तरी नांगर, बैल, बियाणं, खिडकी, शेगडी फुकट नव्हती, आणि पहिलं पीक हातात येईपर्यंत खायचं काय हा प्रश्न होताच. म्हणून कित्येक घरांत नवरा पेरणी उरकली की रेल्वेच्या भरावाच्या कामावर निघून जायचा आणि बाई मुलांना घेऊन महिनोन्‌महिने एकटी राहायची, कारण जागा रिकामी सोडली तर दुसरा येऊन दावा ठोकणार ही भीती.

आणि हे पण सांगायला हवं की ती जमीन रिकामी नव्हती. लूप आणि प्लॅट नद्यांच्या खोऱ्यात पॉनी नावाचे मूळ अमेरिकन लोक मातीची मोठी गोल घरं बांधून राहत होते, त्यांच्या बायका मका, घेवडा, भोपळा पिकवत होत्या आणि वर्षातून दोनदा सगळं गाव रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या शिकारीला जायचं. १८७३ ते १८७५ च्या दरम्यान त्यांना तिथून उठून आत्ताच्या ओक्लाहोमात जावं लागलं. नंतर आलेल्यांना कुरणात बायसनची नुसती हाडं मिळाली. ती गाडीत भरून स्टेशनवर नेली तर टनावर पैसे मिळायचे, खतासाठी आणि साखर शुद्ध करायला ती पूर्वेकडे जायची. पहिल्या वर्षी पीक नसताना कितीतरी घरांत पहिली रोकड आली ती या हाडांची.

आता घर. लाकूड नव्हतं म्हणून मातीचं घर, पण आपल्याकडच्या मातीच्या भिंतीसारखं कालवून रचलेलं नाही. तिथल्या गवताच्या मुळांची जमिनीत इतकी घट्ट जाळी असते की नांगराने पट्टी कापली तर ती सतरंजीसारखी सलग निघते, तिलाच सॉड म्हणतात. ग्रासहॉपर नावाचा खास नांगर यायचा, त्याने साधारण फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्टी काढायची, फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचत जायचं. भिंत दोन-तीन फूट जाड. १६ बाय २० फुटांच्या एका खोलीला अर्धा ते एक एकर जमीन सोलावी लागायची. ज्यांना तेवढंही जमत नव्हतं ते ओढ्याच्या काठाला टेकडीत खोदून राहायचे, त्याला डगआउट म्हणायचे. १८७२ सालचा नेब्रास्कातला अशा एका डगआउटचा हिशेब लिहून ठेवलेला आहे: खिडकी सव्वा डॉलर, दारासाठी १८ फूट लाकूड ५४ सेंट, कडीकोयंडा ५० सेंट, छपरातून बाहेर काढायचा धुराचा पाइप ३० सेंट, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण २ डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. सगळे हा आकडा स्वस्ताईचं उदाहरण म्हणून सांगतात, मला त्यात वेगळंच दिसतं, घर पायाखालच्या मातीचं पण काच, खिळे, पाइप, फळी यातलं प्रत्येक विकत आणलेलं.

सॉडचं घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, वाऱ्याला दाद न देणारं आणि आगीला पण टिकणारं. वाईट फक्त छप्पर. मधे एक आडवी तुळई, ती पण कुठल्यातरी घळीतून दोन दिवसांचा प्रवास करून आणलेली, तिच्यावर फांद्या, त्यावर गवत आणि वर पुन्हा सॉड. पाऊस पडला की गळायचं, आणि साधं पाणी नाही, चिखल गळायचा, तोही बाहेर पाऊस थांबून उघडीप झाल्यावर सुद्धा आत चालूच. शेगडीवरच्या भांड्यावर कोणीतरी छत्री धरून उभं राहायचं हे अनेकांच्या आठवणींत आहे. कोरड्या दिवसांत धूळ, गवताच्या काड्या, उंदीर आणि क्वचित साप वरून पडायचे म्हणून बायका छताखाली मांजरपाटाचं कापड ताणून बांधायच्या. जरा बरे दिवस आले की आतून चुना, आणि भिंत एवढी जाड असल्यामुळे खिडकीत जो खोल कोनाडा तयार होतो त्यात जिरेनियमच्या कुंड्या. पिसवा आणि ढेकूण मात्र चुन्याने पण जात नसत, रॉकेल लावत बसायचं.

नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सॉलोमन बुचर नावाचा फोटोग्राफर १८८६ पासून गाडी घेऊन फिरला आणि या घरांचे फोटो काढले, तीन हजारांच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह शिल्लक आहेत आणि इंटरनेटवर बघायला मिळतात. जरूर बघा, पण माणसांचे चेहरे बघून झाले की वस्तू बघा. लोक घरातल्या चांगल्या वस्तू बाहेर अंगणात मांडून फोटो काढायचे. शिलाई मशीन, पिंजऱ्यातला पक्षी, टेबलावर कलिंगड, मागे छपरावर चढलेली गाय. एका बाईने तर घर फोटोत दिसू द्यायचंच नाही म्हणून पायपेटीसारखा मोठा ऑर्गन बाहेर कुरणात ओढून नेला आणि त्याच्याशेजारी कुटुंब उभं केलं, पूर्वेकडच्या नातेवाइकांना मातीचं घर दिसायला नको! ते मशीन, तो ऑर्गन, खिडकीची चौकट, सगळं आगगाडीतून आलेलं आणि बऱ्याच वेळा हप्त्याने.

जळण हा माझा आवडता विषय, म्हणून जरा जास्त लिहिते. सुरुवातीला रानगोवऱ्या. बायसनच्या आणि नंतर गुरांच्या, कुरणात आपोआप वाळलेल्या, मुलांनी पोत्यात गोळा करून आणायच्या. नव्याने आलेल्या बायकांना याची भयंकर किळस यायची आणि तेव्हाच्या आठवणींत हा विनोद सारखा येतो की आधी दोन काड्यांनी उचलायची, मग फडक्याने, मग ॲप्रनच्या टोकाने, मग हाताने, आणि शेवटी हात न धुताच पुन्हा कणकेत. गोवरी चांगली जळते, वास फारसा येत नाही, पण राख इतकी होते की स्वयंपाक कमी आणि राख काढणं जास्त. गोवऱ्या संपल्या की वाळलेलं गवत, त्याला पीळ घालून घट्ट जुड्या करायच्या. गवत काही मिनिटांत भसकन जळून जातं, त्यामुळे हिवाळ्यात एक माणूस सतत जुड्या वळत बसलेला, बहुतेक वेळा आजोबा नाहीतर मुलं. मक्याचं पीक यायला लागलं की दाणे काढलेली रिकामी कणसं, सूर्यफुलाची धाटं. आणि मक्याचा भाव फारच पडला, कोळसा त्यापेक्षा महाग झाला, की दाण्यांसकट अख्खी कणसं चुलीत. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला कसंतरी होतं, अन्न जाळायचं, पण हिशेब तसाच होता.

मी स्वतः कणसांवर भाजते म्हणून सांगते, आच झटकन चढते आणि झटकन उतरते. ओव्हनला थर्मामीटर नसतो, आत हात घालून मनात आकडे मोजायचे, किती आकड्यांवर चटका असह्य होतो त्यावरून ब्रेडचा ताव की बिस्किटांचा ते ठरवायचं. ब्रेड भाजायला ताव बराच वेळ एकसारखा लागतो, म्हणजे तेवढा वेळ शेगडीपासून हलता येत नाही. शनिवारी भाजणं, सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री असं जे ठरलेलं वेळापत्रक असायचं ते शिस्तीच्या हौसेपोटी नव्हतं, शेगडी एकदा तापवली की तिच्यावर होणारं सगळं त्याच दिवशी उरकायचं, जळण वाचवायचं. आजूबाजूच्या कामांना पण हाच नियम.

पाण्याचं म्हणाल तर ज्यांना ओढ्याकाठची जमीन मिळाली ते नशीबवान, आणि ती पहिल्या पाच-दहा वर्षांतच संपली. उंच पठारावर विहीर हाताने खणायची म्हणजे काही ठिकाणी दोनशे फूट आणि त्याहून खोल, एकजण खाली, एकजण वर रहाटावर, माती ढासळून किंवा खालच्या विषारी हवेने माणसं मेली आहेत. तोपर्यंत पिंपं भरून मैलोन्‌मैल गाडीतून पाणी. त्यामुळे सोमवारचं धुणं हे आठवड्यातलं सगळ्यात जड काम, पाणी आणा, तापवा, घासा, पुन्हा खळबळा, निळीत काढा, आणि तेच उरलेलं साबणाचं पाणी मग जमीन पुसायला नाहीतर रोपांना. पावसाचं पाणी छपरावरून धरावं तर सॉडच्या छपरावरून चिखलच येणार. लाकडी फळ्यांचं छप्पर झालं की बायकांना जो आनंद व्हायचा त्यातला निम्मा पन्हळीखालच्या पिंपाचा असणार असं मला वाटतं. पवनचक्क्या १८५० च्या दशकात निघाल्या होत्या, पण सामान्य शेतकऱ्याला त्या परवडायला लागल्या साधारण १८८० नंतर, आणि १८८८ मधे एअरमोटर नावाची स्टीलची पवनचक्की आल्यावर तर मैदानावर जिकडेतिकडे तीच.

जेवण कंटाळवाणं होतं हो. मका, मका आणि मका. मक्याच्या पिठाची लापशी, मक्याचा ब्रेड, खारवलेलं डुकराचं मांस, गोड ज्वारीच्या धाटांची काकवी. साखर महाग म्हणून गोड म्हणजे काकवीच. कॉफीला पैसे नसले की राय, बार्ली, गहू काळसर भाजून दळायचे आणि त्यालाच कॉफी म्हणायचं, मी करून प्यायलेय, गरम असतं एवढंच कौतुक. शिकारीत रानकोंबड्या, ससे, कधी हरीण. उन्हाळ्यात ओढ्याकाठची रानप्लम आणि चोकचेरी, बायकामुलं बादल्या घेऊन जायची आणि मुरंबे करून ठेवायची. फळ नसेल तेव्हा लिंबाच्या आंबटपणाऐवजी व्हिनेगर घालून पाय (pie), म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेला गोड पदार्थ, करायचे, हा पदार्थ मात्र लोक आजही माझ्याकडे पुन्हा मागून खातात. ब्रेडच्या आंबवणाचं विरजण थंडीत गोठू नये म्हणून रात्री गोधडीत गुंडाळून ठेवायचं.

लोण्याबद्दल. दोन-तीन गाई, दूध थंड राहावं म्हणून भांडं दोरीने विहिरीत सोडलेलं, साय काढायची, चर्नमधे घुसळायची, लोणी धुऊन मीठ मळून मडक्यात. अंडी ओटच्या दाण्यांत पुरून ठेवायची म्हणजे गाडीच्या धक्क्यांनी फुटत नाहीत. हे घेऊन गावात गेलं की दुकानदार रोख पैसे क्वचित द्यायचा, वहीत जमा करायचा आणि त्यावर मीठ, रॉकेल, चहा-कॉफी, सुती कापड, औषधं, मुलांचे बूट. उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गाई दुभत्या म्हणून भाव पडायचा. शिवाय दुकानदाराला कुठल्याच गिऱ्हाइकाला दुखवायचं नसायचं, मग चांगल्या लोण्याला आणि खवट लोण्याला सारखाच भाव, निगुतीने करणाऱ्या बायकांचा यावर फार राग. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा यायचा आणि तो बहुतेक गहाणखताच्या व्याजात आणि यंत्रांच्या हप्त्यात जायचा. घर रोज चालायचं ते या वहीवर. शेतीच्या इतिहासात गहू आणि नांगर यांच्यावर जाडजाड पुस्तकं आहेत आणि लोण्याला अर्धं पान, असो.

शेजाऱ्यांशिवाय तर पानच हलत नव्हतं. घर उभारायला, विहीर खणायला, बाळंतपणाला. डॉक्टर तीस-चाळीस मैलांवर, म्हणून जवळची जाणती बाई हीच सुईण. प्रत्येकाला आपल्याच १६० एकरांवर राहायची सक्ती असल्यामुळे घरं लांब लांब पडायची, रशियातून १८७४ च्या सुमारास कॅन्ससला आलेल्या जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गाव करून राहून पाहिलं, पण इथल्या चौकोनी मोजणीत ते फार टिकलं नाही. त्यांनी आणलेला टर्की रेड गहू मात्र टिकला. काही शेजाऱ्यांनी युक्ती केली, चार चौकोन जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर चौघांनी आपापल्या हद्दीत घरं बांधली. मळणीचं यंत्र आलं की दहा-वीस माणसांची टोळी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायची, प्रत्येकाने प्रत्येकाकडे राबायचं, आणि ज्याच्या घरी यंत्र त्याच्या बायकोने सगळ्यांना सकाळी, मधल्या वेळी, दुपारी, पुन्हा मधल्या वेळी आणि रात्री खायला घालायचं. कुणाकडे चांगलं वाढलं याची चर्चा वर्षभर चालायची.

मुलं म्हणजे घरातले मजूरच. कुंपण नव्हतं, म्हणून पोरं दिवसभर गुरं राखायची. ग्लिडनचं काटेरी तारेचं पेटंट १८७४ चं, ते स्वस्त झाल्यावर कितीतरी मुलांची त्यातून सुटका झाली. शाळा एका खोलीची, अनेकदा तीही सॉडची, मास्तरीणबाई कधीकधी सर्वात मोठ्या विद्यार्थ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आणि आळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहणारी. मोठे मुलगे शेतात काम नसेल तेव्हा, म्हणजे हिवाळ्यातच शाळेत.

संकटांचं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड आली, सूर्य झाकला जाईल एवढी, आणि मका, भाज्या तर गेल्याच पण घामाचं मीठ मुरलेले फावड्यांचे दांडे आणि घोड्यांचं चामडी सामान पण कुरतडलं, बायकांनी भाजीवर गोधड्या टाकल्या तर गोधड्या खाल्ल्या. त्या हिवाळ्यात सैन्याचे जुने ओव्हरकोट आणि बूट वाटले गेले आणि पूर्वेकडून मदतीचं धान्य आलं, म्हणजे पुन्हा आगगाडीच. १२ जानेवारी १८८८ ला सकाळ ऊबदार होती म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि अचानक हिमवादळ आलं, सव्वादोनशेच्या वर माणसं गेली, त्यात बरीच शाळकरी मुलं. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवायची पद्धत उगाच नव्हती, पन्नास पावलांवरचा गोठा पण दिसायचा नाही.

'एवढा त्रास तर गेलेच कशाला' हे नेहमी विचारतात. रेल्वे कंपन्यांकडे सरकारने दिलेली प्रचंड जमीन विकायला होती, त्यांनी युरोपात जाहिराती केल्या, आणि वर 'नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो' असं नेब्रास्काच्या विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युएल ऑगी सुद्धा सांगत होते. १८८० च्या दशकात योगायोगाने पाऊस बरा पडला त्यामुळे लोकांना ते पटलं. उलट १८७८ मधेच भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने सरकारला अहवाल दिला होता की शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला साधारण २० इंचांच्या आत पाऊस, तिथे १६० एकर कोरडवाहूत कुटुंब जगणार नाही. कोणी ऐकलं नाही. १८९० च्या दशकात दुष्काळ आला, १८९४ च्या उन्हाळ्यात तर गरम वाऱ्यांनी मका काही दिवसांत उभा करपला, कर्ज अंगावर, आणि हजारो कुटुंबं गाडी जोडून पूर्वेला परत गेली. याच कर्जातून आणि रेल्वेच्या भाड्यावरच्या रागातून शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष उभा राहिला, त्याचं राष्ट्रीय अधिवेशन जुलै १८९२ मधे आमच्याच ओमाहात भरलं होतं.

सरकारला अखेर १९०४ मधे किंकेड कायदा करावा लागला, पश्चिम नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांत १६० ऐवजी ६४० एकर. मग वाळूच्या टेकड्यांत नवी कुटुंबं आली, आणि मोटारी रस्त्यावर यायला लागल्या तरी त्यांनी पुन्हा सॉडचीच घरं बांधली आणि पुन्हा गोवऱ्याच जाळल्या, कारण लाकूड तिथे तेव्हाही नव्हतं. कॉमस्टॉकजवळचं डाउज कुटुंबाचं १९०० सालचं सॉड हाऊस अजून उभं आहे, नेब्रास्कात आलात तर ते बघा, आणि बिअॅट्रिसजवळ डॅनियल फ्रीमनची जागा, जी पहिल्या दाव्यांपैकी एक मानतात, तिथे आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.